डोळ्यांचा कोरडेपणा

डोळ्यांत वाळूचे कण गेल्यासारखे खुपणे, दिवस कलता कलता पापण्या जड होणे, वाचताना अक्षरे पुसट होणे व पापण्यांची उघडझाप केली की ती पुन्हा क्षणभर स्पष्ट दिसणे, अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला 'तुमचे डोळे कोरडे पडले आहेत' असे नेत्रवैद्याने सांगितले, तर त्याचा त्यावर सहसा विश्वास बसत नाही. पुष्कळदा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. जरा वारा लागला की गालांवर ओघळ येतात. मग असा डोळा कोरडा कसा? ही शंका रास्त आहे. किंबहुना, तिचे उत्तर समजल्याखेरीज या विकारावरील उपचारांचे मर्मही ध्यानात येत नाही.

निरोगी डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचे एक अत्यंत पातळ पटल सदैव पसरलेले असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे तीन सहस्रांशांइतकी असते. हे पटल म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्याचा मुख्य भाग भुवईखाली, डोळ्याच्या बाहेरील बाजूस असलेल्या अश्रुग्रंथीतून येणाऱ्या खारट पाण्याचा असतो. या पाण्यात क्षार व प्रथिने असतात, आणि अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये शोधून काढलेले लायसोझाइम हे जंतुनाशक द्रव्यही असते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील नाजूक आवरणातून स्रवणारा श्लेष्म या पाण्यात मिसळतो व त्याला बुबुळावर चिकटून राहण्यास मदत करतो. तो नसता, तर तेलकट ताटावर पाणी टाकले असता जसे थेंब थेंब होतात तसे अश्रूंचे झाले असते. सर्वांत वर असतो तो तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून पाझरते. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने 1666 मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. तेलाच्या या तवंगामुळेच खालचे पाणी उडून जात नाही.

पापणी मिटली की हे पटल नव्याने सारवले जाते. स्वस्थ माणूस मिनिटाला सुमारे 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो. दोन मिटण्यांच्या दरम्यान पटल फाटले, तर त्याखालचा भाग उघडा पडतो. शरीरात सर्वाधिक संवेदनक्षम असलेल्या भागांत बुबुळावरील पारदर्शक पडद्याची गणना होते. तो उघडा पडताच मज्जातंतू धोक्याची सूचना देतात आणि अश्रुग्रंथी एकदम भरमसाट पाणी सोडते. हे पाणी घाईने आलेले, तेलाविना असते. ते टिकत नाही, ओघळून जाते. डोळा पुन्हा उघडा पडतो आणि पुन्हा पाणी येते. पाणावणारा डोळा कोरडा असू शकतो तो असा.

यावरून असे दिसून येईल की कोरडेपणा दोन वाटांनी येतो. एकीत मुळात पाणीच कमी पाझरते. दुसरीत पाणी पुरेसे असते, परंतु तेलाच्या अभावी ते लवकर उडून जाते. दुसरा प्रकार अधिक आढळतो, आणि अनेकांत दोन्ही एकत्र नांदतात. पुढे पुढे कारण कोणतेही असो, परिणाम एकच होतो. उरलेल्या अश्रूंतील क्षारांचे प्रमाण वाढते, त्यामुळे पृष्ठभागाला दाह होतो, आणि दाहामुळे अश्रू निर्माण करणाऱ्या पेशी आणखी दुबळ्या होतात. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की केवळ वरून पाणी घालून थांबत नाही.

ही व्यथा काही आजची नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'शुष्काक्षिपाक' नावाचा नेत्ररोग सांगितला आहे. त्यात पापण्या ताठ व रूक्ष होतात, डोळे उघडण्यास कष्ट पडतात व दृष्टी गढूळते. आजच्या रुग्णालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. मात्र भारतात 'कोरडे डोळे' या शब्दांना आणखी एक, फार गंभीर अर्थ होता. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी लहान मुलांचे डोळे निस्तेज होत, रातांधळेपणा येई, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसत आणि अखेर बुबुळ विरघळून कायमचे अंधत्व येई. या अंधत्वाला आळा घालण्यासाठी 1970 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व पाच वर्षांखालील मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली जाऊ लागली. खुपऱ्यांच्या रोगानेही पिढ्यान् पिढ्या पापण्यांच्या आतील बाजूस वण उठवून अनेकांचे डोळे कोरडे केले. सार्वजनिक आरोग्याची समस्या या नात्याने या रोगाचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये मान्य केले. हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन असे, की जुन्या आठवणीमुळे कोरडे डोळे म्हटले की अनेक जण आपण होऊन जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ लागतात. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या प्रौढ माणसाच्या नेहमीच्या कोरडेपणावर त्यांचा उपयोग होत नाही, आणि 'अ' जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर घेणे अपायकारकच आहे.

तेव्हा प्रथम कारण शोधले पाहिजे. ओटो शिर्मर यांनी 1903 मध्ये सुचवलेली परीक्षा आजही प्रचारात आहे. टिपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहतात. 5 मिलिमीटरहून कमी भिजली, तर पाण्याची तूट मोठी आहे असे समजतात. दुसऱ्या परीक्षेत डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहतात. रंगीत पटलात काळे ठिपके पडू लागेपर्यंतचा काळ 10 सेकंदांहून कमी भरला, तर पटल अस्थिर आहे हे कळते. याखेरीज पापणीची कड हलकेच दाबून तेल कसे येते तेही पाहावे लागते. निरोगी ग्रंथीतून ते स्वच्छ व पातळ येते. बिघडलेल्या ग्रंथीतून दंतमंजनाच्या लुकणासारखे घट्ट येते, किंवा येतच नाही.

पण सर्वांत मोलाची माहिती अनेकदा प्रश्न विचारूनच मिळते. सर्दीवरील व ॲलर्जीवरील काही गोळ्या, मनोविकारांवरील काही औषधे, मूत्रल औषधे, मुरुमांवरील आयसोट्रेटिनोइन यांमुळे डोळे कोरडे पडतात. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांत हा विकार वाढतो. मधुमेह, कंठस्थ ग्रंथीचे विकार, चष्मा घालवण्यासाठी केलेली लेसर शस्त्रक्रिया, मोतीबिंदूनंतरचे काही महिने ही आणखी कारणे होत. चेहऱ्याचा अर्धांगवायू किंवा कुष्ठरोग यांमुळे पापणी पुरती मिटत नसेल, तर डोळा रात्रभर उघडा राहून वाळतो. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल, पोळीचा घास पाण्यावाचून गिळता येत नसेल आणि सांधे दुखत असतील, तर वेगळाच विचार करावा लागतो. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने 1933 मध्ये आपल्या प्रबंधात अशा 19 स्त्रियांचे वर्णन केले होते. या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर व लालाग्रंथींवर उलटते. त्याचे निदान डोळ्यांपुरते राहत नाही, रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात.

उपचारांचा आरंभ पापण्यांपासून करणे बहुतेक रुग्णांना हितावह ठरते. घट्ट झालेले तेल उष्णतेने वितळते, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे. त्यासाठी पापण्यांना सुमारे 40 अंश सेल्सिअस उष्णता सलग पाच ते दहा मिनिटे मिळाली पाहिजे. बहुतेक लोक येथेच चुकतात. गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिनिट-दोन मिनिटांत निवतो, आणि तो निवल्यावरही डोळ्यांवर ठेवून रुग्ण शेक घेतल्याचे समाधान मानतो. रुमाल वारंवार बदलावा, किंवा स्वच्छ कापडात बांधलेली तांदळाची पुरचुंडी कोमट करून घ्यावी. ती डोळ्यांवर ठेवण्यापूर्वी मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावी, कारण पापणीची त्वचा फार पातळ असते. शेकानंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली व खालची पापणी खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच निपटावी. मग पापण्यांच्या मुळाशी साचलेली खपली ओल्या स्वच्छ कापडाने पुसावी. हे प्रारंभी दिवसातून दोनदा व नंतर एकदा, निदान महिनाभर तरी नेमाने केले तरच फरक जाणवतो. चार दिवसांत सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि शेकाचा उपयोग होत नाही असे सांगणारेही बहुधा तेच असतात. काजळ घालणाऱ्यांनी ते पापणीच्या आतील कडेवर लावू नये; तेथेच या ग्रंथींची तोंडे असतात. बाजारातील सुरम्यात पुष्कळदा शिसे असते, म्हणून तो टाळणेच बरे.

कृत्रिम अश्रू म्हणून मिळणारे थेंब हा दुसरा आधार होय. त्यांत सेल्युलोजपासून केलेली किंवा तत्सम द्रव्ये असतात. ती पाण्याला थोडा दाटपणा देऊन ते डोळ्यावर टिकवतात. येथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. डोळ्यावर एका वेळी जेमतेम 7 मायक्रोलिटर अश्रू असतात, तर बाटलीतून पडणारा एक थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एक थेंबही डोळ्याला जास्तच होतो, आणि लागोपाठ घातलेला दुसरा गालावरच जातो. दिवसातून चारांहून अधिक वेळा थेंब घालावे लागत असतील, तर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब निवडावेत, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी परिरक्षके वारंवार पोटात नव्हे तर थेट पृष्ठभागावर पडतात व तेथील पेशींना इजा करतात. अशा बाटलीची स्वच्छता मात्र काटेकोर हवी. 2023 मध्ये अमेरिकेत भारतात बनवलेल्या कृत्रिम अश्रूंमधून पसरलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे काही रुग्णांची दृष्टी गेली व काहींचा मृत्यूही ओढवला. ज्या गोष्टी मुळात निर्जंतुक नाहीत, म्हणजे गुलाबपाणी, मध, घरचे तूप, त्या डोळ्यात का घालू नयेत हे यावरून वेगळे सांगावयास नको.

औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्या थेंबांचा धोका याहून मोठा आहे. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात. परिणाम ओसरला की लाली पूर्वीपेक्षा वाढते. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी तर एका दिवसात आराम पडतो, आणि म्हणूनच ते घातक आहेत. शेजाऱ्याला लागू पडलेली बाटली महिनोन् महिने वापरल्याने डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होतो, आणि त्यात गेलेली दृष्टी परत मिळत नाही. वैद्यही ही औषधे देतात, पण थोडे दिवस व डोळ्यांचा दाब मोजत. दीर्घकाळ दाह आवरण्यासाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब अधिक सुरक्षित आहेत. ते प्रथम चुरचुरतात व गुण येण्यास तीन ते सहा महिने लागतात, हे रुग्णास आधीच सांगितले नाही तर तो ते अर्ध्यावर सोडून देतो.

राहणीतील बदल दिसावयास क्षुल्लक, पण परिणामाने मोठे आहेत. भारतीय घरांत रात्रभर छताचा पंखा थेट तोंडावर फिरत असतो. खाट बाजूला सरकवल्याने किंवा पंख्याचा वेग उतरवल्याने सकाळचे खुपणे कमी झाल्याचे अनेकांना आढळते. वातानुकूलित खोलीतील हवा कोरडी असते, तिचा झोत डोळ्यांवर येऊ देऊ नये. दुचाकीवर बसताना शिरस्त्राणाची काच खाली ओढावी. राजस्थानातील लू असो की दिल्लीतील हिवाळ्याची धुरकट हवा, कडेने बंद असलेला चष्मा तेथे उपयोगी पडतो. संगणकाकडे किंवा मोबाइलकडे टक लावून पाहताना पापण्या मिटण्याची संख्या निम्म्याहून खाली येते, आणि ज्या मिटतात त्याही अर्ध्याच. पडदा नजरेच्या थोडा खाली ठेवला तर डोळे कमी उघडे राहतात. मधूनमधून दूर पाहून पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्यात. माशांच्या तेलाच्या गोळ्यांविषयी मात्र उत्साह आवरता घेतलेला बरा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत वर्षभर त्या घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक गुण आला नाही.

एवढ्याने भागत नसेल, तर नाकाकडील कोपऱ्यातील ज्या छिद्रांतून अश्रू वाहून जातात त्यांत बारीक बूच बसवतात. मात्र त्याआधी दाह शमवावा लागतो. त्याहून तीव्र विकारात रुग्णाच्याच रक्तापासून केलेले रक्तद्रवाचे थेंब देतात. औषधाच्या विपरीत परिणामाने होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन या भयंकर रोगात पापणीची कड खरखरीत होऊन प्रत्येक उघडझापीला बुबुळ घासत राहते. अशा वेळी ओठाच्या आतील त्वचेचा तुकडा पापणीच्या कडेला लावण्याची शस्त्रक्रिया हैदराबाद व चेन्नई येथील नेत्रसंस्थांत केली जाते. ती वेळेत झाल्यास, विशेषतः लहान मुलांची दृष्टी वाचते.

काही रुग्ण मात्र या कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. तपासणीत पटल ठीक असते, पट्टी पुरती भिजते, तरी डोळ्यांची आग थांबत नाही. पूर्वी अशांना 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगून वाटेला लावीत. बुबुळातील मज्जातंतूच दुखावलेले असले, तर पृष्ठभाग सुधारल्यावरही वेदना चालू राहू शकते, हे आता मान्य झाले आहे. अशा रुग्णांवर मज्जातंतूंच्या वेदनेचे उपचार करतात. याउलट, खुपणे अचानक तीव्र झाले, उजेड सोसेनासा झाला, बुबुळावर पांढरा डाग दिसला किंवा एका डोळ्याने कमी दिसू लागले, तर ते नेहमीचे कोरडेपण समजून थेंब घालीत बसू नये. ते व्रण असू शकते, आणि त्याच दिवशी नेत्रवैद्याला दाखवणे आवश्यक असते.