ऑस्लो करार : मागाहून ठेवलेली वाटणी

आमच्या चोपडा तालुक्यात भावाभावांच्या वाटणीत विहीर आणि शेतरस्ता ‘मागाहून पाहू’ म्हणून ठेवले, की तंटा तिथेच पेटतो. १९९३च्या ऑस्लो कराराकडे मी याच नजरेने पाहतो. ९ सप्टेंबरच्या पत्रांत अराफत यांनी इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. राबिन यांनी पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी मानले, स्वतंत्र पॅलेस्टिनी राज्य मात्र मानले नाही. १३ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या. पाच वर्षांची अंतरिम व्यवस्था ठरली. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे प्रश्न पुढे ठेवले. वसाहतींची वाढ थांबवण्याची स्पष्ट अट मसुद्यात नव्हती. ज्या जमिनीबद्दल बोलायचे, तिच्यावरच दरम्यान घरे उभी राहत गेली. अवघड प्रश्न पुढे ढकलता येतात. तोवर ‘जैसे थे’ राखावे लागते.