लिफ्टचा आवाज कुठून येतो?

लिफ्टचा त्रास होतो म्हणून बेडरूमच्या भिंतीवर प्लायवूड ठोकून घेणारे बरेच असतात. पैसे जातात, आवाज राहतो. प्लायवूड अडवणार हवेतून येणारा आवाज, आणि झोपमोड करणारा आवाज बहुतेकदा हवेतून येतच नाही.

गच्चीवरच्या मशीन रूममध्ये मोटर फिरते. तिची थरथर खालच्या लोखंडी गर्डरमध्ये, तिथून स्लॅबमध्ये, मग बीम-कॉलममधून खोल्यांच्या भिंतींत उतरते. तंबोऱ्याची नुसती तार कितीशी ऐकू येणार? भोपळा तिला मोठं करतो. इथे भोपळ्याचं काम तुमची खोली करते. म्हणूनच शाफ्टला न चिकटलेल्या खोलीतसुद्धा गुणगुण पोचते.

खर्चाआधी नीट ऐकावं. लिफ्ट सुटताना-थांबताना ‘खट्’ होत असेल, तर ब्रेक किंवा कंट्रोल पॅनेलमधला कॉन्टॅक्टर. चालू असेपर्यंत सलग घूं येत असेल, तर मोटर किंवा गिअर. ठरावीक अंतराने टक्-टक् होत असेल, तर घड्याळ लावा. गाईड रेलचे तुकडे साधारण ५ मीटरचे असतात. लिफ्ट सेकंदाला १ मीटर जात असेल तर दर ५ सेकंदांनी एक सांधा लागतो. सांधा घासून सपाट करणं, रेलवर सरकणारे झिजलेले गाईड शूज बदलणं ही देखभालीतली कामं. (जाळीचा दरवाजा आपटणाऱ्या शेजाऱ्यावर मात्र इंजिनिअरिंगमध्ये इलाज नाही.)

मोटरवर खरा उपाय म्हणजे तिच्याखाली रबर किंवा स्प्रिंग. ‘पॅड टाकलेत ना’ असं उत्तर सगळीकडे मिळतं. विचारायचं ते पुढचं: यंत्राच्या वजनाने ते पॅड दबलं किती? जितके मिलिमीटर दबलं त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने १५.८ ला भागा. यंत्र त्या पॅडवर स्वतःहून सेकंदाला किती वेळा डोलेल, ते कळतं. जुन्या गिअरवाल्या मोटरचे मिनिटाला १४४० फेरे धरले तर ते सेकंदाला २४ होतात. पॅड अर्धाच मिलिमीटर दबलं तर उत्तर येतं सुमारे २२. मोटरशी जवळजवळ जुळलं! अशा वेळी पॅडमुळे थरथर कमी व्हायची सोडून वाढते. ४ मिलिमीटर दबलं तर उत्तर ८ च्या जवळ, आणि स्लॅबपर्यंत जाणारा धक्का हिशेबाने साधारण आठवा हिस्सा उरतो. हे गणित स्प्रिंगला नेमकं बसतं. रबर थोडं ताठ वागतं, तेव्हा त्याच्याबाबतीत हात जरा सैल ठेवावा. एवढं करून बोल्ट सरळ काँक्रीटमध्ये आवळले, तर पॅड असून नसल्यासारखं. दोरांचा ताणही यंत्रावर येतो, म्हणून ही निवड लिफ्टच्या इंजिनिअरनेच करावी, हार्डवेअरच्या दुकानात नव्हे.

मशीन रूम नसलेल्या नव्या लिफ्टमध्ये गिअर नसतो, मोटर संथ फिरते, आवाज कमी. पण यंत्र शाफ्टमध्येच, अनेकदा गाईड रेलच्याच आधारावर बसवलेलं असतं. रेलची ब्रॅकेट थेट बेडरूमच्या भिंतीत रोवली असतील तर थरथरीला प्रत्येक मजल्यावर दार उघडं.

त्यामुळे पुनर्विकासाचा नकाशा समोर येतो तीच खरी वेळ. शाफ्टला लागून जिना, पॅसेज, स्टोअर असावं; मशीन रूमखाली झोपायची खोली नको. हवेतल्या आवाजाचा अंदाज सोपा: शाफ्टमधल्या पातळीतून भिंत किती अडवते ते वजा करायचं. काँक्रीटमधून येणाऱ्या आवाजाचा असा हिशेब भरवशाचा नसतो. त्यापेक्षा तीच लिफ्ट बसवलेल्या, तशाच बांधणीच्या इमारतीत रात्री जाऊन मोजमाप घेणं शहाणपणाचं.

मोजताना एक गोम आहे. मीटरवरचा नेहमीचा आकडा ‘डीबी ए’. त्यात खालच्या पट्टीच्या आवाजातून बरंच वजा होतं. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल. मोटरची विजेची गुणगुण नेमकी त्याच भागात असू शकते. म्हणून सोसायटीच्या समितीपुढे ‘डीबी सी’चा आकडाही ठेवावा; त्यात ही वजाबाकी फारशी नसते. तो ‘ए’पेक्षा खूपच जास्त आला, तर खालच्या पट्टीचा आवाज भरपूर आहे असं समजावं आणि तपासणी मोटरखालच्या पॅडपासून सुरू करावी.