विषारी वायूंचे संवेदक (लेखांक ४) : अमळनेरचा जाड थर

मागील लेखांकात कथील ऑक्साइडासारख्या अर्धसंवाहकाच्या तापलेल्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजन चिकटतो, पदार्थातील इलेक्ट्रॉन ओढून घेतो व त्यामुळे विद्युत रोध वाढतो, हे पाहिले. हायड्रोजन सल्फाइडसारखा क्षपणकारक, म्हणजे ऑक्सिजन हिरावून घेणारा, वायू तेथे पोहोचला की अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होऊन रोध घटतो. १९६२ च्या सुमारास जपानमध्ये तेत्सुरो सेइयामा यांनी जस्त ऑक्साइडावर व नाओयोशी तागुची यांनी कथील ऑक्साइडावर केलेल्या कामातून या संवेदकांची सुरुवात झाली. मात्र मद्यार्काची वाफ असो वा स्वयंपाकाचा गॅस, रोध दोहोंमुळे घटतो. म्हणून नेमका कोणता वायू आला हे ओळखण्याची क्षमता, म्हणजे निवडक्षमता, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उल्लेखनीय उत्तर जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात शोधले गेले. एल. ए. पाटील व डी. आर. पाटील यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कथील ऑक्साइडाचे जाड थर स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे भुकटीची लापशी बारीक जाळीतून पट्टीवर छापून व नंतर भाजून, तयार केले. हे थर तांब्याच्या क्लोराइडाच्या द्रावणात बुडवून पुन्हा तापवले असता त्यांच्या पृष्ठभागावर तांब्याचे ऑक्साइड तयार झाले, आणि अशा थराने साध्या तापमानालाही हायड्रोजन सल्फाइड ओळखला. या पद्धतीला निर्वात कक्षाची महागडी यंत्रसामग्री लागत नाही, म्हणून ती महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातली आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या आर. सी. पटेल महाविद्यालयातही पुढे वायूसंवेदकांवर संशोधन झाले.

या निवडक्षमतेचे कारण दोन ऑक्साइडांच्या सांध्यात आहे. कथील ऑक्साइडात विद्युतभार इलेक्ट्रॉन वाहतात, तर तांब्याच्या ऑक्साइडात इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, ज्यांना विवरे म्हणतात, हे काम करतात. दोन्ही जेथे भिडतात तेथे विद्युत अडथळा उभा राहतो व थराचा रोध फार वाढतो. हायड्रोजन सल्फाइड आला की तांब्याच्या ऑक्साइडाचे तांब्याच्या सल्फाइडात रूपांतर होते, आणि सल्फाइड धातूसारखे विद्युतवाहक असल्याने अडथळा कोसळून रोध झपाट्याने उतरतो. ज्या वायूंत गंधक नाही त्यांना हे रूपांतर घडवता येत नाही, म्हणूनच हा थर त्यांच्याबाबत एवढा जोरदार प्रतिसाद देत नाही. वायू निघून गेल्यावर हवेतील ऑक्सिजन सल्फाइडाचे पुन्हा ऑक्साइड करतो. परंतु ही उलट क्रिया कमी तापमानाला मंद असते, त्यामुळे संवेदक पुढील मोजणीसाठी सज्ज होण्यास वेळ लागतो.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने मैलाटाक्या, गटारे व बंद खड्डे यांच्या तळाशी साचतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी प्रमाणात येतो, पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास थांबल्याने धोका टळल्याचा घातक समज होतो. जेथे नाक फसते तेथे संवेदकाने बोलले पाहिजे. २०१३ च्या कायद्याने मैलाटाकीची व गटारांची संरक्षक साधनांविना मानवी सफाई करवून घेण्यास बंदी आहे. तरीही अशी सफाई करताना कामगारांचे मृत्यू देशात घडतात, आणि म्हणून स्वस्त, खात्रीचा संवेदक टाकीचे झाकण उघडणाऱ्या प्रत्येक पथकापर्यंत पोहोचणे हे या संशोधनाचे खरे फळ ठरेल. हवेतील दमटपणा व दीर्घ वापर यांमुळे संवेदकाचे वाचन कसे सरकते, हे पुढील लेखांकात पाहू.