काहून पिळून राहिला बे?

ऑनलाइन गेमिंगचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये झाला तेव्हा चर्चा सगळी रमीची आणि फँटसी टीमची झाली. त्याच कायद्याने ई-स्पोर्टला खेळ म्हणून मान्यता दिली, हे आमच्या यवतमाळच्या घरात सगळ्यात आधी दहावीतल्या मुलाच्या लक्षात आलं. टेबलाला कसलेलं स्टिअरिंग परीक्षेपर्यंत काढून ठेवायचं ठरलं होतं. ते अजून तिथंच आहे.

परवा तो असेटो कोर्सा या शर्यतीच्या गेममध्ये ऑडीची 2014 ची आर18 पळवत होता. काटा पार टोकाला जाऊन थडथडायचा, तेव्हा कुठे पुढचा गिअर पडायचा. बाजूला माझे मामा बसले होते. त्यांचा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला. थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काहून पिळून राहिला बे तिले? डिझेल हाय ना ते? टाक वरचा!"

पोराने हसण्यावारी नेलं. मी मात्र मामांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पेट्रोलच्या रेस कारमध्ये लाल पट्टीपर्यंत ताणणं बहुतेक वेळा खपून जातं. डिझेलचं तसं नाही. दाबाने पेटणारं इंजिन, म्हणून भाग दणकट आणि जड. शिवाय इंधन सिलिंडरात फवारल्यावर हवेत मिसळून जळायला वेळ लागतो. त्यामुळे फेऱ्यांना मर्यादा येते, आणि टर्बोमुळे खरी ओढ खालीच मिळते. 18 जून 2006 ला ल माँची 24 तासांची शर्यत जिंकणारी पहिली डिझेल गाडी, ऑडीची आर10, हिचं साडेपाच लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन 3000 ते 5000 आरपीएममध्येच काम करायचं. टॉर्क 1100 न्यूटन-मीटरच्या वर. एवढी ओढ असल्यावर गिअर पाचच पुरले.

मग गिअर टाकायचा कधी? पोरासाठी मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आकडे समजुतीपुरते. तिसऱ्या गिअरची पट चौथ्याच्या सव्वापट धरा. म्हणजे 5000 ला गिअर टाकला की काटा 4000 वर येणार. 5000 ला टॉर्क 900 असेल तर तिसऱ्यात चाकाला मिळणारी ओढ 900 गुणिले सव्वा, म्हणजे 1125. चौथ्यात, 4000 वर, 1100. जवळपास बरोबरी, इथंच टाकायचा. आणखी 200 आरपीएम ताणलं आणि टॉर्क 800 वर घसरला, तर तिसऱ्यात उरतात 1000. चौथ्यात मात्र 1090 च्या आसपास मिळाले असते. इंजिन ओरडतंय म्हणून गाडी पळतेय असं वाटतं, एवढंच. आर18 ला पुढच्या चाकांवर विजेचीही जोड आहे, तो हिशेब इथं सोडून देऊ.

गेममध्ये टॉर्कचा आलेख दिसत असेल तर उत्तमच. नसेल तर सरळ रस्त्यावर एकदा टोकाला, एकदा 300 ने आधी, एकदा 500 ने आधी गिअर टाकून पाहावं आणि रस्त्याच्या शेवटी वेग किती झाला ते लिहून ठेवावं. वळणाआधी खालचा गिअर टाकायचीही घाई नको. खालून ओढणारं इंजिन एक गिअर वर असलं तरी वळणातून बाहेर काढतं.

मामांना हे कोणी आलेख काढून शिकवलं नाही. कळंबहून यवतमाळला चढताना, गाडी खचाखच भरलेली असताना, पायाखालची थरथर बदलली की हात आपोआप दांड्यावर जायचा. गंमत अशी, की आर10 च्या ड्रायव्हरांना ही सोयच नव्हती. इंजिन इतकं शांत, की वेगात वाऱ्याचाच आवाज जास्त. गिअर बदलायची खूण देणाऱ्या दिव्यांवर नजर ठेवावी लागे.

वेग आणि डिझेल यांचं नातं आमच्याकडे यवतमाळच्या शकुंतला रेल्वेने फारसं वाढवलं नाही. 1994 साली तिला वाफेऐवजी डिझेल इंजिन लागलं, तरी ती शकुंतलाच राहिली. पण तेव्हा चाकणला बनणाऱ्या फोक्सवागन पोलोची शर्यत 2010 मध्ये देशात सुरू झाली, ती डिझेल इंजिनावरच. 2012 पासून पेट्रोल आलं. ल माँमध्ये 2006 ते 2014 सलग नऊ वर्षं डिझेलच जिंकलं. 2015 मध्ये फोक्सवागनचा धुराचा घोटाळा उघड झाला, पुढच्या वर्षाअखेर त्याच समूहातल्या ऑडीने तिथून गाशा गुंडाळला. आता ही इंजिनं धावतात ती मुख्यतः अशा टेबलांवर. मला याचं वाईट वाटतं, धुराचं सगळं माहीत असूनही.

त्या संध्याकाळी पोराने शेवटी काटा टोकाला जायच्या आत गिअर टाकून पाहिला. वेळ सुधारली. किती, ते त्याने सांगितलं नाही. उठून खुर्ची मामांना दिली. मामांनी चष्मा सारखा केला, पाय पुढे केले आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.

"क्लच कुठी हाय याचा?"

"लागत नाही आबाजी. स्टिअरिंगमागची पट्टी ओढायची फक्त."

"मंग त्याले गिअर टाकनं काहून म्हणता बे?"