आतड्यांतील जीवाणू आणि बृहदांत्राचा कर्करोग

आतड्यांतील जीवाणू आणि बृहदांत्राचा कर्करोग यांचा परस्परसंबंध हा कर्करोगविज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्र या दोन्ही शाखांचा अभ्यासविषय आहे. बृहदांत्र म्हणजे मोठे आतडे. त्याच्या व गुदाशयाच्या अस्तरात उद्भवणारा कर्करोग जगात नव्या रुग्णांच्या संख्येनुसार तिसऱ्या, तर मृत्यूंच्या संख्येनुसार दुसऱ्या क्रमांकावर आहे. वय, आनुवंशिकता, आहार, मद्यपान, धूम्रपान आणि स्थूलता ही त्याची ज्ञात कारणे होत. यांपैकी आहाराचा परिणाम आतड्याच्या पेशींपर्यंत पोहोचण्यात जीवाणूंचा वाटा मोठा आहे, असे गेल्या दोन दशकांतील संशोधनावरून दिसून येते.

पार्श्वभूमी

मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा २०१६ मधील एक अंदाज आहे. त्यांतील बहुतेक बृहदांत्रात राहतात. लहान आतड्यात न पचलेले तंतुमय पदार्थ तेथे किण्वनाने विघटित होतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लघुशृंखला मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे बृहदांत्राच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन असून ते दाह आटोक्यात ठेवते.

अस्तरातील पेशी दर काही दिवसांनी नव्याने निर्माण होतात. सतत विभाजन पावणाऱ्या या पेशींच्या जनुकांत उत्परिवर्तने साचत गेल्यास प्रथम लहान गाठ, म्हणजे पॉलिप, तयार होते. काही पॉलिपांचे रूपांतर पुढे कर्करोगात होते. या वाटचालीस साधारणतः दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. या दीर्घ काळात अस्तराच्या सान्निध्यात कोणते जीवाणू राहतात, याला म्हणूनच महत्त्व आहे.

प्रमुख जीवाणू व त्यांची कार्यपद्धती

फ्युसोबॅक्टेरियम न्युक्लिएटम : हा मूळचा तोंडातील जीवाणू असून हिरड्यांच्या रोगाशी संबंधित आहे. बृहदांत्राच्या अर्बुदात तो निरोगी ऊतीपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो, असे कॅनडा व अमेरिका येथील दोन स्वतंत्र गटांनी २०१२ मध्ये दाखवले. त्याच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन अस्तरपेशीला चिकटून तिच्या विभाजनाला चालना देते. दुसरे प्रथिन शरीराच्या नैसर्गिक मारक पेशींना निष्क्रिय करते, त्यामुळे अर्बुदाला संरक्षण मिळते. अर्बुदांत प्रामुख्याने या जीवाणूची एक विशिष्ट उपशाखाच आढळते, असे २०२४ मध्ये स्पष्ट झाले.

एश्चेरिकिया कोलाय : हा जीवाणू बहुतेक निरोगी माणसांच्या आतड्यात असतो. त्याच्या काही वाणांत मात्र कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करणारा जनुकसमूह असतो. हे विष पेशीतील डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकमेकांशी जखडते. त्यातून उद्भवणाऱ्या उत्परिवर्तनांचा ठसा इतका वैशिष्ट्यपूर्ण असतो, की अनेक वर्षांनंतरही अर्बुदाच्या जनुकांत तो ओळखता येतो. हा ठसा नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशींवर सिद्ध केला. ११ देशांतील ९८१ अर्बुदांच्या २०२५ मधील अभ्यासात, चाळिशीच्या आत रोग झालेल्यांत तो सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा ३.३ पट अधिक आढळला. यावरून या विषाशी संपर्क बालपणीच येत असावा, असे अनुमान काढले जाते.

बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस : याचे विषनिर्मिती करणारे वाण अस्तरपेशींमधील सांधे सैल करतात व दीर्घकालीन दाह निर्माण करतात. उंदरांमध्ये अशा दाहामुळे अर्बुदे वाढल्याचे २००९ मध्ये दिसून आले.

आहाराचा संबंध

स्निग्ध पदार्थ पचवण्यासाठी यकृत पित्त स्रवते. पित्ताम्लांचा काही अंश बृहदांत्रात पोहोचतो आणि तेथील जीवाणू त्यांचे डीऑक्सिकोलिक आम्लासारख्या पेशींना अपायकारक द्रव्यांत रूपांतर करतात. तंतुमय आहारात ब्युटिरेट वाढते, तर मेदयुक्त व तंतुहीन आहारात ही द्रव्ये वाढतात.

याचा पडताळा २०१५ मधील एका प्रयोगात आला. अमेरिकेतील २० आफ्रिकनवंशीय व दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० व्यक्तींनी दोन आठवडे एकमेकांच्या पद्धतीचा आहार घेतला. तंतुमय आहार घेणाऱ्या अमेरिकी गटात ब्युटिरेट वाढले व अस्तरातील दाह कमी झाला. दुसऱ्या गटात नेमके उलट घडले. कर्करोग होतो की नाही, हे मात्र दोन आठवड्यांत ठरत नाही. प्रयोगात मोजले गेले ते धोक्याचे निदर्शक होते.

भारत व महाराष्ट्र

भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. तेथील व मुंबईतील नोंदींची तुलना करता शहरात हा रोग अधिक आढळतो. विदर्भात नागपूर व वर्धा येथे लोकसंख्याधारित नोंदणी होते. २०१२–१६ या कालावधीच्या राष्ट्रीय अहवालातील नोंदणी केंद्रांत बुलढाणा जिल्ह्याचा समावेश नाही.

पुण्यातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा वनस्पतिजन्य आहाराशी निगडित जीवाणू विपुल असतो. भोपाळ व केरळ येथील ३० रुग्ण व ३० निरोगी व्यक्तींच्या २०१९ मधील अभ्यासात रुग्णांमध्ये फ्लॅव्होनिफ्रॅक्टर प्लॉटाय हा जीवाणू अधिक आढळला. तो फळे व भाज्यांतील फ्लॅव्होनॉइड या उपयुक्त द्रव्यांचे विघटन करतो. पाश्चात्त्य रुग्णांवरील निष्कर्ष भारतीयांना जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही, हे यावरून लक्षात येते.

बुलढाण्यासह पश्चिम विदर्भाचा पारंपरिक आहार ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण व ताक असा आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते ३ ग्रॅमहूनही कमी असतात. भाकरीची जागा मैद्याच्या व तळलेल्या पदार्थांनी घेतली, तर जीवाणूंना मिळणारे खाद्यही बदलते.

मर्यादा

अर्बुदात जीवाणू आढळणे आणि जीवाणूमुळे अर्बुद होणे या भिन्न गोष्टी आहेत. अर्बुदातील बदललेले वातावरणही काही जीवाणूंना पोषक ठरते. मानवी फ्युसोबॅक्टेरियमयुक्त अर्बुद रोपण केलेल्या उंदरांना मेट्रोनिडॅझोल दिल्यावर अर्बुदाची वाढ मंदावली, असे २०१७ मध्ये आढळले. तथापि हा मानवी उपचार नव्हे. प्रतिजैविके उपकारक जीवाणूंचाही नाश करतात, त्यामुळे या हेतूने ती स्वतःहून घेणे योग्य नाही.

निदान व प्रतिबंध

२०१६ मध्ये आखलेल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे, बृहदांत्राचा नाही. त्यामुळे लक्षणांकडे लक्ष देणे महत्त्वाचे ठरते. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, अकारण वजन घटणे व रक्तक्षय ही प्रमुख लक्षणे आहेत. रक्तस्राव मूळव्याधीचा समजून दुर्लक्षिला गेल्यास निदानास विलंब होतो. दुर्बिणीद्वारे केलेल्या तपासणीत पॉलिप आढळल्यास तो त्याच वेळी काढता येतो आणि संभाव्य कर्करोग टळतो. जीवाणूंच्या आधारे मलपरीक्षा विकसित होत असली, तरी ती अद्याप या तपासणीची जागा घेऊ शकलेली नाही.