साडेदहा

नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13 हजारांवर नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकून घेतली होती. अभ्यासक त्यांना पुनर्मुद्रांकित नाणी म्हणतात. हरलेल्या राजाचा चेहरा, त्याच्याभोवतीची ग्रीक अक्षरं आणि त्या सगळ्यावर जिंकलेल्याची तीन कमानींची टेकडी. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या पश्चात त्यांच्या डबीत अशी दोन नाणी निघाली. ती खरी आहेत का हे विचारायला ती एका निवृत्त शिक्षकांकडे निघाली, तेव्हा मीही बरोबर गेले. ही टेकडी मला डोळ्यांनी पाहायची होती.

सरांच्या टेबलावर जवाहिऱ्याचा काटा, पाण्याचा पेला, बारीक दोरा आणि भिंग. डबी उघडली तसा सागवानाचा आणि जुन्या पॉलिशचा आंबूस वास आला. सरांनी आधी नाण्यांकडे पाहिलंच नाही, डबी नाकाशी नेली. “यात किती वर्षं होती?” मैत्रीण म्हणाली, “बाबांनी खास करून घेतली होती, वीसेक वर्षं तरी झाली.” सर काही बोलले नाहीत.

मग वजन. पहिलं नाणं कोरडं भरलं 2.110 ग्रॅम. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं पाण्यात अधांतरी सोडलं. तळाला टेकू द्यायचं नाही, अंगाला बुडबुडा चिकटू द्यायचा नाही. म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब. काटा 0.202 वर थांबला. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. “साडेदहाच्या जवळ,” सर म्हणाले. चांदीची घनता 10.5. जुन्या चांदीत थोडं तांबं असतंच, त्यामुळे आकडा जरा खाली येतो. इतक्या हलक्या नाण्यात काटा ग्रॅमच्या हजाराव्या भागाने चुकला तरी उत्तर बदलतं, म्हणून प्रत्येक नाणं तीनतीनदा. दुसरंही तसंच निघालं. साडेदहा.

मैत्रिणीचा चेहरा उजळला. सर म्हणाले, “ताई, साडेदहा म्हणजे चांदी आहे, एवढंच. आज सराफाकडून आणलेली चांदीही साडेदहाच असते.”

त्यांनी दोन्ही नाणी शेजारी ठेवून भिंग माझ्या हातात दिलं. दोन्हींवर टेकडीची डावी कमान नहपानाच्या कानावरून गेलेली. दोन्हींच्या कडेला एकाच जागी तीच खाच, नाकावर तोच ओरखडा. टांकसाळीतला माणूस एकेक नाणं हातात घेऊन त्यावर ठसा ठोकत होता. प्रत्येक घाव थोडा इकडे, थोडा तिकडे बसणार. खाच आणि ओरखडा तर नंतरच्या हाताळणीतले. ते दोन नाण्यांवर सारखे येतील कसे? एका खऱ्या नाण्यावरून साचा काढून दोन्ही ओतली होती. एकदा हे कळल्यावर बाकीचंही दिसू लागलं: पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या गोलावलेल्या कडा, काठावरून फिरवलेल्या कानशीच्या रेघा.

मला राग आला. ज्याने ही ओतली त्याला नहपान माहीत होता, जोगलटेंभी माहीत होतं, चांदी किती घालावी हेही माहीत होतं. आणि ती विकत घेणाऱ्या मैत्रिणीच्या बाबांनी प्रत्येक नाण्याच्या पाकिटात चिठ्ठी ठेवली होती: कुठून घेतलं, कधी, किती रुपयांना. सरांनी त्या चिठ्ठ्या नाण्यांपेक्षा जपून बाजूला काढल्या. नाणं कुठल्या शेतातून, कुठल्या साठ्यातून आलं हे एकदा हरवलं की कुठल्याच काट्याने ते परत मिळत नाही.

पण सरांचं मन सारखं डबीतल्या आणखी एका, तिसऱ्या नाण्याकडे जात होतं. शिशाचं, सातवाहनांचं, हत्तीचं. ते अस्सल होतं. त्याच्यावर पांढरी भुकटी धरली होती आणि हत्तीची सोंड तिच्याखाली जवळजवळ गेली होती. लाकडातून, पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सुटत राहते आणि बंद डबीत ती शिसं खाते. म्हणजे डबी उघडताना आलेला तो वास नुसता वास नव्हता. खोटी नाणी त्याच डबीत झळकत राहिली आणि खरं नाणं मात्र कणाकणाने झिजत होतं. मैत्रिणीने भुकटी फुंकायला तोंड पुढे केलं, तर सरांनी हात आडवा धरला. शिशाची धूळ विषारी.

भुकटी असो वा थर, घासून लख्ख केलेलं नाणं बाजारात चटकन उठतं. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, काहीही चालतं. मला याचं वाईट वाटतं. तांब्याच्या नाण्यावरचा गडद, घट्ट हिरवा थर शतकानुशतकं धरलेला असतो. तो गेला की अक्षरांच्या कडाही जातात आणि जुनेपणाचा पुरावाही. फिकट हिरवी, सुटी भुकटी मात्र रोग आहे. धातूत शिरलेले क्षार ओल मिळताच जागे होतात. त्यावर उपाय कोरडी हवा, आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली. नाशिकच्या पावसाळ्यात ते सिलिका जेलशिवाय जमत नाही. पीव्हीसीची मऊ पाकिटं तर नकोतच, त्यांतूनही आम्ल सुटतं, पॉलिएस्टरची घ्यावीत.

सरांनी हत्तीचं नाणं तशा पाकिटात घातलं, डबी परत दिली आणि तीत पुन्हा नाणी ठेवू नका म्हणून दोनदा बजावलं. ओतलेल्या दोन्हींच्या पाकिटांवर पेन्सिलीने ‘ओतीव नक्कल’ लिहिलं, खाली वजनं, खाली 10.4. मैत्रिणीने विचारलं, “ज्याच्याकडून घेतली त्याला परत करू?” सर म्हणाले, “उद्या तो दुसऱ्या कुणाला विकेल. तुमच्याकडेच राहू द्या, चिठ्ठीसकट.” मग हत्तीच्या नाण्याचं वजन वहीत टिपून म्हणाले, “महिन्याने या. वजन वाढलं असेल तर भुकटी अजून धरतेय असं समजायचं, आणि मग प्रयोगशाळेत न्यावं लागेल.”