पोट लहान केले, पुढे काय?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे चरबी कापून किंवा शोषून काढण्याचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत चरबी काढत नाहीत. बदल केला जातो तो जठरात आणि लहान आतड्यात. दुसरा समज असा, की पोट लहान केले म्हणजे माणूस कमी खाणार आणि बारीक होणार. मग जे काम मनाच्या निग्रहाने व्हायला हवे ते सुरीने कशाला करायचे? हे दोन्ही समज आपण येथे तपासून पाहू. त्यातून एक गोष्ट ध्यानात येईल. शस्त्रक्रिया काही तासांत संपते; तिचे यश मात्र आधीच्या काही आठवड्यांवर आणि नंतरच्या सगळ्या आयुष्यावर अवलंबून असते. या काळातील प्रत्येक पथ्यामागचे कारण शाळेत शिकवल्या जाणाऱ्या पचनसंस्थेच्या धड्यातच सापडते.

एका जुन्या निरीक्षणातून

जठरातील व्रणासाठी पूर्वी जठराचा बराचसा भाग काढून टाकत असत. असे रुग्ण बारीक होतात आणि त्यांचे वजन पुन्हा सहजी वाढत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. याच निरीक्षणाचा उपयोग करून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये अतिस्थूल रुग्णांसाठी 'गॅस्ट्रिक बायपास' ही शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्या आजच्या स्वरूपात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि आद्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, शरीरातच राहतात. मात्र अन्न त्यांतून जात नाही. तेथील पाचकरस पुढे जाऊन अन्नाला मिळतात.

दुसरी प्रचलित शस्त्रक्रिया 'स्लीव्ह'. तिच्यात जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात.

आता निग्रहाच्या मुद्द्याकडे वळू. अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर पोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आपल्या बायपास रुग्णांची दीर्घकाळची नोंद प्रसिद्ध केली. प्रौढपणी मधुमेह झालेल्या १४६ रुग्णांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा सामान्य पातळीवर आली होती. विशेष म्हणजे हा बदल अनेकांत काही दिवसांतच, वजन फारसे उतरण्यापूर्वीच दिसला. केवळ पिशवी लहान झाल्याने असे होणार नाही. आतडे आणि मेंदू यांच्यातील संदेशच बदलले असले पाहिजेत.

हे संदेश म्हणजे संप्रेरके. १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाने जठरात तयार होणारे 'घ्रेलिन' शोधले. ते भूक वाढवते. आहार कमी करून वजन उतरवले की रक्तातील घ्रेलिन वाढते. शरीर जणू गेलेले वजन परत मागते. वर्षानुवर्षे निग्रहाने कमी खाणाऱ्यांचेही वजन पुन्हा का वाढते, याचे एक कारण येथे आहे. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा जो भाग काढतात तेथेच घ्रेलिनचे मुख्य उत्पादन होते. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर अन्न आतड्यात लवकर पोचते आणि जेवणानंतर 'जीएलपी-१' हे तृप्तीची जाणीव देणारे संप्रेरक पूर्वीपेक्षा बरेच जास्त स्रवते. सेमाग्लुटाइडसारखी अलीकडची औषधे याच जीएलपी-१ ची नक्कल करतात.

ही कोणासाठी?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. १९९१ च्या अमेरिकी निकषानुसार हा आकडा ४० च्या वर, किंवा मधुमेहासारखे आजार सोबत असल्यास ३५ च्या वर असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होत असे. २०२२ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे निकष खाली आणले. आता ३५ च्या वर सर्वांसाठी, आणि चयापचयाचे आजार असल्यास ३० च्या वर शस्त्रक्रियेचा विचार करावा असे त्या सांगतात. आशियाई लोकांसाठी तर २७.५ ही मर्यादा सुचवली आहे.

आशियाई लोकांसाठी वेगळा आकडा का, याचे एक बोलके उदाहरण पुण्याचे आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. हे निरीक्षण २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छायाचित्रासह प्रसिद्ध झाले. त्याच बीएमआयला आपल्याकडे चरबी अधिक असू शकते आणि मधुमेहही लवकर गाठतो.

तयारी: यकृत लहान करायचे

शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे रुग्णाला अगदी कमी उष्मांकाचा, कमी पिष्टाचा आणि भरपूर प्रथिनांचा आहार देतात. 'वजन उतरवायलाच तर आलो, मग आधीच उपाशी का ठेवता?' असे रुग्णाला वाटते. कारण असे, की यकृताचा डावा भाग जठराच्या वर पसरलेला असतो. स्थूल व्यक्तींचे यकृत चरबीने फुगलेले असते. शस्त्रक्रिया पोटावरच्या पाच-सहा लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने होते. तेव्हा हा जड भाग उचलून जठरापर्यंत पोचणे अवघड आणि धोक्याचे ठरते. कमी आहारात यकृतातील ग्लायकोजेन आधी वापरले जाते. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते, तेही जाते. पाठोपाठ चरबीही घटते आणि यकृत आकसते.

धूम्रपान काही आठवडे आधी सोडावेच लागते. त्याने जखम भरायला वेळ लागतो आणि जोडणीच्या जागी व्रण होतात. झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे का, जठरात हेलिकोबॅक्टर जिवाणू आहेत का, रक्तात लोह, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वे पुरेशी आहेत का, हेही पाहतात. भरपूर खाणाऱ्या माणसातही ही कमतरता आढळते. उष्मांक आणि पोषण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

पहिले आठवडे

शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रुग्णाला चालायला लावतात. पडून राहिल्यास पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती असते. दुसरा धोका टाचण्यांनी शिवलेल्या जागेतून गळती होण्याचा. नाडी सतत जलद चालणे, ताप, पोटात वाढती वेदना, धाप लागणे यांपैकी काही दिसले तर घरी वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

आहाराच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी फक्त द्रव पदार्थ: वरणाचे पाणी, ताक, गाळलेले सूप. सुमारे दोन आठवड्यांनी मिक्सरमधून काढलेले पातळ अन्न, मग मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण. तेही थोडे आणि नीट चावून. ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचे वेळापत्रक थोडे वेगळे असू शकते, तेच पाळावे.

येथे एक छोटा प्रयोग आम्ही सुचवतो. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे माप घ्या आणि त्यात ३० मिलिलिटर पाणी मोजा. दिवसाला दीड लिटर पाणी याच मापाने प्यायचे तर ५० वेळा प्यावे लागेल. १५ तासांच्या जागेपणात दर १८ मिनिटांनी एकदा. पाणी गटागटा का पिता येत नाही, जेवणाबरोबर का पीत नाहीत आणि बाटली सतत जवळ का ठेवावी लागते, हे विद्यार्थ्यांना लगेच कळेल. प्रथिनांचेही तसेच. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. म्हणून प्रथिने आधी खायची, भात-पोळी नंतर. गोड पदार्थ बायपासनंतर भर्रकन आतड्यात उतरतो, तेथे पाणी ओढून घेतो आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब सुरू होतात.

उशिरा कळणारी उणीव

ब-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा सुमारे ३० मिलिग्रॅम, जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. शस्त्रक्रियेनंतर कोणाला सतत उलट्या होत असतील तर हा साठा संपतो. मग तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे, मनाचा गोंधळ उडणे अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी थायमिनशिवाय नुसते ग्लुकोजचे सलाइन दिले तर ग्लुकोजच्या ज्वलनात उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. उपाय स्वस्त आहे, पण तो वेळेवर हवा. 'ऑपरेशन झाले आहे, उलट्या होणारच' असे म्हणून गप्प बसणे जिवावर बेतू शकते.

ब-१२ ची गोष्ट उलट आहे. त्याचा यकृतातील साठा २ ते ५ मिलिग्रॅम आणि रोजची गरज सुमारे २ मायक्रोग्रॅम. किमान साठा धरला तरी तो १,००० दिवस पुरेल. त्यामुळे 'गोळ्या बंद केल्या, काही झाले नाही' असे रुग्ण दोन वर्षे सांगू शकतो आणि मग हातापायांना मुंग्या, पांडुरोग यांनी उणीव उघडी पडते. ब-१२ शोषून घेण्यासाठी जठरातील आम्ल आणि तेथेच तयार होणारे एक प्रथिन लागते. दोन्ही आता कमी झालेली असतात. लोह मुख्यतः आद्यांत्रात शोषले जाते आणि बायपासमध्ये अन्न तेथे जातच नाही. म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवायची. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात, ते बहुधा परत येतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असे सांगतात.

हाती काय लागते?

स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि न झालेल्या २,०३७ स्थूल व्यक्तींची तुलना करण्यात आली. २००७ मधील अहवालानुसार सरासरी सुमारे ११ वर्षांत पहिल्या गटात १०१ आणि दुसऱ्यात १२९ मृत्यू झाले. बायपास झालेल्यांचे वजन १० वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सुमारे २५ टक्के कमी होते. म्हणजे माणूस सडपातळ होतोच असे नाही. पहिल्या एक-दोन वर्षांनंतर थोडे वजन परतही येते. मात्र आयुष्य वाढते, आणि अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो.

यात आजूबाजूच्या माणसांचाही वाटा असतो. आपल्याकडे पंगतीत आग्रह करण्याची रीत आहे. नुकतीच ही शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आग्रहाचा एक घास उलटी घडवू शकतो. शाळेत एखाद्या सहकारी बाई किंवा सर लहानशी डबी घेऊन बसले, चार घास सावकाश खाऊन थांबले, तर 'एवढेच?' असे विचारू नये. वर्गातल्या जाड मुलाला 'तोंडावर ताबा ठेव' म्हणण्यापूर्वीही घ्रेलिन आठवावे. भूक किती लागावी हे त्या मुलाने ठरवलेले नसते.